एका होलमागे तेरा माणसं

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात हुकर नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या हिशेबाने जिल्हाच. २०२०च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या निघाली ७११. लाख नाही, हजार नाही, नुसती सातशे अकरा. औसा किंवा मुखेड तालुक्यातल्या मध्यम गावाची मतदारयादीही याहून मोठी असते. क्षेत्रफळ मात्र १,८७० चौरस किलोमीटर, म्हणजे लातूर जिल्ह्याच्या चौथाईहून थोडं जास्तच. अडीच चौरस किलोमीटरला एक माणूस! अख्ख्या काउंटीत गाव एकच, मलन. वस्ती पाचशेच्या आतबाहेर. भोवती नजर पोचेल तिथवर गवताळ टेकाडं आणि त्यांत चरणारी गुरं.

या सातशे अकरा माणसांच्या जिल्ह्यात अठरा होलची तीन गोल्फ मैदानं आहेत. एक सँड हिल्स क्लबचं, १९९५मध्ये सुरू झालेलं, जगातल्या उत्तम मैदानांच्या बहुतेक याद्यांत वरच्या रांगेत असणारं. उरलेली दोन शेजारच्या डिस्मल रिव्हर क्लबची. एकूण ५४ होल. तान्ही बाळं आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे धरूनही एका होलमागे तेरा माणसं.

आता आपल्याकडे या. २०११च्या जनगणनेप्रमाणे नांदेड जिल्हा ३३ लाख ६१ हजार, लातूर २४ लाख ५४ हजार. दोन्ही मिळून ५८ लाख १५ हजार माणसं, साधारण १७,७०० चौरस किलोमीटरांत. या दोन जिल्ह्यांत अठरा होलचं एकही मैदान नाही. हुकरच्या उत्तरेला लागून चेरी काउंटी आहे. तिचं क्षेत्रफळ साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर, आपल्या दोन जिल्ह्यांपेक्षा थोडंच कमी, आणि माणसं साडेपाच हजारांच्या आत. तिथेही माळावर नामवंत मैदानं आहेत. आपल्याकडे जागा तेवढीच आणि माणसं हजारपट, तरी होलांच्या रकान्यात शून्य.

शाळेतलं त्रैराशिक मांडायला हरकत नाही. ७११ माणसांना तीन मैदानं, तर ५८ लाख १५ हजारांना किती? उत्तर येतं सुमारे साडेचोवीस हजार. सगळ्या जगात आज गोल्फची मैदानं आहेत अडतीस हजारांच्या आसपास. म्हणजे हुकर काउंटीचा न्याय लावायचा, तर जगातल्या प्रत्येक तीन मैदानांतली जवळजवळ दोन उचलून नांदेड-लातुरात आणून ठेवावी लागतील.

ठेवायची कुठे, हा पुढचा प्रश्न. अठरा होलच्या मैदानाला साधारण दीडशे एकर लागतात. साडेचोवीस हजार गुणिले दीडशे, म्हणजे पावणेसदतीस लाख एकर. दोन्ही जिल्ह्यांची सगळी जमीन, किनवट-माहूरचं जंगल आणि गोदावरी-मांजराची पात्रं धरून, भरते पावणेचव्वेचाळीस लाख एकर. शेकडा चौऱ्याऐंशी जमीन गोल्फला. उरलेल्या सोळा टक्क्यांत ५८ लाख माणसं, त्यांची घरं, शेती, लातूरचे शिकवणी वर्ग, नांदेडचा गुरुद्वारा आणि दोन्ही रेल्वे स्टेशनं.

पाण्याचा हिशेब तर आणखी गमतीचा. दीडशे एकरांपैकी शंभर एकरांवर हिरवळ राखायची आणि तिला कोरड्या दिवसांत रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचं असं धरू. उन्हाळ्यातल्या मराठवाड्यात पाच मिलिमीटर म्हणजे काटकसरच. शंभर एकरांवर पाच मिलिमीटर म्हणजे वीस लाख लिटर. साडेचोवीस हजार मैदानांना रोज ४९ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा १७७ दलघमी. धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी चौथ्या दिवशी मृतसाठा सुरू. नांदेडचं विष्णुपुरी दोन दिवसही टिकणार नाही. थेट जायकवाडी फोडलं, तरी त्याचा २,१७१ दलघमीचा उपयुक्त साठा दीड महिन्याच्या आत तळाला.

असले हिशेब मनोरंजनाचे, हे मलाही कळतं. हुकरचा न्याय लावून कुणी जिल्हा नियोजन करणार नाही. पण जरा शहाणा न्याय लावला की निघणारा आकडा मला या सगळ्या कोट्यवधींपेक्षा जास्त चमत्कारिक वाटतो. भारतात गोल्फची मैदानं दोनशे ते अडीचशेच्या दरम्यान आहेत. २४० धरली आणि लोकसंख्या १४० कोटी धरली, तर ५८ लाख माणसांमागे एक मैदान पडतं. म्हणजे देशाच्या सरासरीने नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा हक्क बरोबर एका मैदानाचा! अमेरिकेच्या सरासरीने हाच हक्क पावणेतीनशेवर जातो, कारण तिथे जेमतेम एकवीस हजार माणसांमागे एक मैदान आहे. आपल्या वाट्याचं ते एक मैदान अर्थातच दुसरीकडे कुठेतरी आहे. सरासरीतली भाकर नेहमी दुसऱ्याच्या ताटात पडते.

बरं, ते एक आणायचं म्हटलं तर काय लागेल? दीडशे एकर. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या जरा वर. पंचेचाळीस खातेदारांची जमीन. मैदान पूर्ण भरलं, प्रत्येक होलवर चौघे खेळत असले, तर एका वेळी त्यावर असतात ७२ खेळाडू. प्रत्येकामागे दोन एकर. या दोन जिल्ह्यांत दोन एकरांवर अख्खं कुटुंब काढणारे कितीतरी आहेत, आणि तिथे एक माणूस चार-साडेचार तास एका पांढऱ्या चेंडूमागे चालतो. याच जागेत खो-खोची मैदानं आखायची ठरवलं, तर २७ बाय १६ मीटरची चौदाशे बसतात. एका वेळी नऊ पाठलाग करणारे आणि तीन पळणारे धरले, तर १६,८०० मुलं-मुली खेळू शकतील. जागा तीच. एका खेळात ७२ माणसं आणि दुसऱ्यात सतरा हजारांना थोडी कमी. मराठवाड्याने खो-खो का उचलला आणि गोल्फ का नाही, याला समाजशास्त्राच्या आधी भूमापनाचं उत्तर आहे.

पाण्याकडे परत येतो, कारण लातूरकरांपुढे वीस लाख लिटरचा आकडा नुसता टाकून पुढे जाता येत नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून ३४२ किलोमीटर धावत जलदूत रेल्वे लातूरला आली, तेव्हा शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावलेली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. ज्या वाटेवर एकेकाळी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी रमतगमत जायची, त्याच वाटेने कृष्णेचं पाणी मांजराकाठी आलं. रूळ रुंद झाले नसते, तर तेही जमलं नसतं. आता ही पन्नास वाघिणींची गाडी शंभर एकर हिरवळीवर ओता. सहा मिलिमीटर ओल होते. म्हणजे एका मैदानाचा एक दिवस आणि वर थोडं. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात शंभराहून जास्त खेपा होऊन सुमारे सव्वीस कोटी लिटर पाणी आलं. जवळजवळ चार लाख वस्तीच्या शहराला धीर देणारं ते सगळं पाणी एका गोल्फ मैदानाला एकशे तीस दिवस पुरलं असतं.

इथे वाचकाची मान नक्की हलली असेल: बघा, म्हणूनच नको असले श्रीमंती खेळ! थांबा. त्याच शंभर एकरांवर ऊस असेल तर? उसाला लावणीपासून तोडणीपर्यंत दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. पावसाचे सातशे वजा केले तरी पाटाने किंवा मोटारीने द्यायचं उरतं ५२ ते ७२ कोटी लिटर. गोल्फच्या हिरवळीला आठ कोरड्या महिन्यांत लागतं ४८ कोटी. म्हणजे ऊस गोल्फपेक्षा जास्त पितो, आणि आपल्याकडे उसाचा फड काही एकटा शंभर एकरांचा नाही. ज्या वर्षी जलदूत आली, त्या हंगामातही मराठवाड्यात गाळप झालं होतं. उसाने शेतकऱ्याच्या हाती पैसा दिला हे खरंच, आणि हिरवळीने कुणाचं पोट भरत नाही हेही खरं. पण ‘पाणी नाही म्हणून गोल्फ नाही’ हे कारण पुढे करणाऱ्याने आधी बांधावरून उसाकडे एकदा बघून घ्यावं. शिवाय लातूर शहराची वस्ती आणि माणशी रोज ऐंशी लिटर सांडपाणी धरलं, तर तीन कोटी लिटर नुसतं वाहून जाणारं पाणी झालं. मैदानाला त्याचा पंधरावा हिस्सा पुरतो.

पावसाचं काय म्हणाल, तर मलनच्या त्या हिरव्या माळावर वर्षाला पडतो सुमारे पाचशे मिलिमीटर. लातूरला साडेसातशे-आठशे, नांदेडला त्याहूनही जास्त. आपल्याकडे पाऊस दीडपट, आणि पाण्याची रेल्वे मात्र आपल्यालाच मागवावी लागली! याचं उत्तर पायाखाली आहे. नेब्रास्कातला हा वालुकामय प्रदेश पन्नास हजार चौरस किलोमीटरांचा, म्हणजे मराठवाड्याच्या तीन चतुर्थांशाहून जास्त. वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारं गवत. पडेल तो थेंब वाळू पिते आणि खाली ओगलाला नावाच्या प्रचंड भूजलसाठ्यात सोडते. एकट्या या टेकड्यांखालच्या पाण्याचा अंदाज सत्तर ते ऐंशी कोटी एकर-फुटांचा आहे. आपल्या मापात सांगायचं तर सत्तर कोटी म्हणजे साधारण तीनशे जायकवाड्या, त्याही पूर्ण भरलेल्या. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा कातळ. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत मावेल तेवढंच पाणी, बाकीचं गोदावरीवाटे तेलंगणात. वरची काळी माती पावसात फुगून चिकट होते आणि वैशाखात पाय जाईल एवढ्या भेगा टाकते. वाळूवर पाऊस थांबला की अर्ध्या तासात खेळता येतं. काळ्या रानात श्रावणात उतरलात तर चपलेसकट चिखल वर येतो, गोल्फचा चेंडू कुठला शोधणार?

सँड हिल्सचे आखणीकार बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांना तिथल्या टेकाडांत तयार होल नुसते हिंडून दिसले. १३०हून अधिक जागा त्यांनी हेरल्या आणि त्यांतून अठरा निवडल्या. माती जवळपास हलवलीच नाही. वाऱ्याने कोरलेले वाळूचे खड्डे तसेच ठेवले, तेच अडथळे झाले.

तर मैदान सुंदर, पाणी मुबलक, जागा अफाट. पण खेळायला पोचतं कोण? हुकरच्या सातशे अकरांसाठी तर ते बांधलेलं नाही. मलनपासून जरा मोठं म्हणावं असं गाव नॉर्थ प्लॅट, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. डेन्व्हरच्या मोठ्या विमानतळावरून मोटारीने पाचेक तास. पूर्वेकडून येणाऱ्याचं घड्याळही काउंटीची हद्द ओलांडताच एक तास मागे जातं. आणि एवढं करून दाराशी पोचलात, तरी आत जायला सभासद असावं लागतं किंवा सभासदाने बोलावलेलं असावं लागतं. मैदान आडवळणी असणं आणि बंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सँड हिल्स दोन्ही आहे. तिथून दक्षिणेला गोथेनबर्ग हे साडेतीन हजार वस्तीचं गाव. तिथे १९९९मध्ये वाइल्ड हॉर्स नावाचं मैदान सुरू झालं. आखणी केली डेव्ह अ‍ॅक्सलँड आणि डॅन प्रॉक्टर यांनी, जे सँड हिल्सच्या बांधणीत होते. तेच गवत, तीच वाळूची ओढ, पण पैसे भरून कुणीही खेळावं. अंतर किलोमीटरमध्ये मोजणाऱ्याला हा फरक नकाशावर दिसणार नाही.

लातूरच्या हौशी खेळाडूची गोष्ट वेगळी. त्याला हैदराबाद गाठायचं. तिथे गोवळकोंड्याच्या नया किल्ल्याच्या आवारात अठरा होलचं मैदान आहे. उमरगा मार्गे गेलं तर अंतर तीनशेच्या घरात. नांदेडकराला देगलूर मार्गे त्याहून थोडं कमी. पुण्याचं येरवड्यातलं मैदान लातूरहून सव्वातीनशे. रविवारी खेळायचं तर पहाटे दोनला निघा, सातला पोचा, दुपारी बारापर्यंत खेळा, जेवून परत फिरा, रात्री घरी. सहाशे किलोमीटर मोटार हाकून अठरा होल, म्हणजे एका होलमागे ३३ किलोमीटर. असा खेळाडू कुणाला दिसला तर त्याला खेळाडू म्हणावं की ड्रायव्हर, हे त्याच्या बायकोला विचारावं.

हे आकडे असेच का पडले, याला थोडा इतिहासही आहे. भारतात गोल्फ आला तो गोऱ्यांच्या पेढ्या आणि छावण्या यांच्याबरोबर. १८२९चा रॉयल कलकत्ता क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मराठवाडा होता निजामाकडे. तिथे फौज होती हैदराबाद काँटिंजंटची आणि तिचे तळ हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, इथे होते. नांदेडहून हिंगोली आणि लातूरहून अंबाजोगाई किती लांब आहेत? सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी यावं एवढीच. पण १९०३मध्ये काँटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाली आणि हिंगोली-मोमिनाबादसारखे आतले तळ मागे पडले. साहेब टिकला असता तर एखादं मैदानही टिकलं असतं, असा माझा तर्क. पुण्यात, सिकंदराबादेत टिकलं ते छावणी टिकली म्हणून.

लांबचा प्रवास मात्र नांदेडला नवा नाही. सचखंड एक्सप्रेस अमृतसरपर्यंत दोन हजार ऐंशीच्या आसपास किलोमीटर धावते. त्या मार्गावर अठरा होल सारख्या अंतरावर मांडले, तर दर एकशे पंधरा किलोमीटरला एक येईल. एवढ्या लांबून माणसं तख्त सचखंड हुजूर साहिबचं दर्शन घ्यायला येतात आणि ‘फार आडबाजूला आहे हो’ असं कुणी म्हणत नाही. ओढ असेल तर दोन हजार किलोमीटर जवळ. नाहीतर नांदेडहून लातूरही दूर, हे दोन्हीकडे पाहुणे असलेल्या कुणालाही विचारा.

लांबच्या वाटेवर होल मांडायची ही कल्पना ऑस्ट्रेलियात खरोखर कुणीतरी अमलात आणली आहे. नलरबॉर लिंक्स हे मैदान कॅलगुर्ली ते सेडुना या १,३६५ किलोमीटरांच्या महामार्गावर पसरलेलं आहे. नांदेडहून मुंबईला जाऊन परत यावं, त्याहूनही लांब. २००९मध्ये ते सुरू झालं. एका गावात किंवा पेट्रोल पंपाशी एक होल खेळायचा, गाडीत बसायचं, पुढचा गाठायचा. काही होलांमध्ये शेकड्याहून जास्त किलोमीटरांची वाट. झाड नसलेलं सपाट रान आणि मधेच एक कृत्रिम हिरवी चटई. दूरपणा हीच तिथे विकायची वस्तू आहे, आणि लोक ती विकत घेतात. त्याच देशात कूबर पेडी या ओपलच्या खाणींच्या गावातल्या मैदानावर गवताची काडी नाही. खेळाडू हिरवळीचा एक तुकडा बरोबर घेऊन हिंडतो आणि त्यावर चेंडू ठेवून मारतो. उन्हाळ्यात रात्री चमकणारे चेंडू वापरून खेळतात.

माझं मन मात्र सगळ्यात जास्त रमतं ते कॅन्सस, नेब्रास्का आणि कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या लहान गावांतल्या वाळूच्या ग्रीनवर. या मैदानांची नावं कुठल्या यादीत येत नाहीत. गावाबाहेर एक माळ, नऊ होल, दाराशी एक खोकं. त्यात पैसे टाकायचे, बघायला कुणी नसतं. होलभोवती हिरवळीऐवजी तेल कालवलेल्या वाळूचं सपाट वर्तुळ. तेलामुळे वाळू उडत नाही आणि पावसात वाहत नाही. चेंडू वर्तुळात आला की खेळाडू एक जड दांडा ओढत होलपासून चेंडूपर्यंत पट्टी सारखी करून घेतो आणि त्या पट्टीवरून चेंडू ढकलतो. जाताना काथ्याच्या चटईने गोल गोल फिरवून वाळू मागच्यासाठी पुन्हा नीट. ग्रीनला पाणी शून्य. भोवतीचं गवत पावसाळ्यात वाढेल तेवढं, उन्हाळ्यात वाळेल तसं. आपल्या लष्करी छावण्यांतही असली मैदानं होती, तिथे ग्रीनला ‘ब्राउन’ म्हणत.

चाकूर-अहमदपूरकडचा मुरमाड बरड माळ डोळ्यांपुढे आणा: कुसळी गवत, वर आलेला दगड, पळसाचं एखादं झाड. त्यावर असे नऊ ब्राउन बसतील का? जमीन शोधताना एक पथ्य पाळायला हवं, गायरानाकडे बघायचं नाही. तिथे भूमिहीनांनी कष्टाने रान केलं आहे आणि त्यांचा हक्काचा झगडा मराठवाड्यात अनेक वर्षं चालू आहे. कुणा हौशी बागाईतदाराने स्वतःचा माळ द्यावा, गुरं चरू द्यावीत आणि खेळही होऊ द्यावा. बाकी हिशेब लहान आहे. एका ब्राउनचा व्यास बारा मीटर धरला, तर क्षेत्रफळ ११३ चौरस मीटर. नऊ ब्राउन म्हणजे हजाराच्या थोडं वर, दहा गुंठे. एवढी जागा तर आमच्याकडे कुठल्याही सातबाऱ्यावर पोटखराबाच्या रकान्यातच निघते.